हिरा वकिलीण आणि निजलेले माळ

खुरासणी फुलली. दारात बसलं की समोरचा अख्खा उतार पिवळा दिसतो. दुपारी ऊन चढलं की माशा अशा घुमतात, की डोळे मिटले तर उतारच गुणगुणतोय असं वाटावं. भाताला लोंब्या आल्यात, नाचणीची कणसं मुठीसारखी मिटायला लागलीत, आणि पाऊस जाऊ का राहू करत डोंगराच्या खांद्यावर रेंगाळलाय. शाळेत ऋतू तीन शिकवले होते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण हा जो पंधरा-वीस दिवसांचा पिवळा काळ असतो, त्याला पुस्तकात नाव नव्हतं. माझ्या हिशोबी तो चौथा ऋतू. मास्तरला तेव्हा तसं सांगितलं असतं तर छडी खाल्ली असती, पण शब्द मागे घेतला नसता.

या चौथ्या ऋतूत मला हिरा आठवते. ती आठवायला मला फोन लागत नाही, पण यंदा आठवण फोनवरच आली. आमची सून सविता ओट्यावर नाचणी पाखडत होती, ती एकदम ओरडली, "आबा, तुमची हिरा वकिलीण अपर जिल्हाधिकारी झाली!"

"म्हणजे कोण?"

"कलेक्टरच्या खालोखाल."

"खालोखाल का? वर कोण बसलंय?"

"अहो आबा, फोटो तर बघा."

फोटो बघितला. खुर्ची होती, फुलांचा गुच्छ होता, मागे कपाट होतं. हिराचे केस पिकलेत. पुढे मोठं टेबल होतं, पण टेबलावर काय आहे ते फोटोत येत नव्हतं, आणि मला नेमकं तेच बघायचं होतं. मी सविताला विचारलं, ही दिवसभर करते काय?

"सह्या करतात."

"दिवसभर?"

"मला काय माहीत आबा. मी कुठं झालीये."

पाड्यावर सगळ्यांनी तो फोटो एकमेकांना पाठवला. जव्हार-मोखाड्यातून एवढ्या वर गेलेली पहिली बाई, असं सगळे म्हणतात. मी मोजलेलं नाही, तेव्हा पहिली की दुसरी मला सांगता येणार नाही. पण ती इथून तिथं गेली कशी, हे मला तिच्या प्रत्येक बढतीला नव्याने कळेनासं होतं. माणूस डोंगर चढतो तेव्हा पाय दिसतात. हिचे पाय मला कधी दिसलेच नाहीत. दर वेळी बघावं तर ती वर पोहोचलेली.

हिरा नदीपलीकडच्या वस्तीवरची. त्यांच्या घराला जमीन नव्हती. दिवाळी झाली की भांडी, कोंबड्या, पोरं ट्रकमध्ये घालून तिचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, ते पेरणीच्या तोंडाला परतायचे. हिरा आश्रमशाळेत राहिली म्हणून शिकली. सुट्टीत घराला कडी असायची, मग ती शाळेतच स्वयंपाकिणीला तांदूळ निवडू लागायची. पुढे नाशिकला गेली. पोरगी काय शिकते म्हणून विचारलं की तिची आई सांगायची, "भांडायला शिकते." आम्ही हसायचो. त्यासाठी नाशिक कशाला, ते इथं फुकट शिकवतात.

पहिल्यांदा कोर्टातून परस्पर आमच्या पाड्यावर आली तो दिवस मला लख्ख दिसतो. नदीला गुडघाभर पाणी होतं. चपला हातात, काळा कोट घडी करून डोक्यावर. अलीकडे आली आणि कोट परत अंगात चढवला. कमळीची आई, म्हणजे आमचं घर, तिला म्हणाली, "पोरी, एवढ्या उन्हात हे काय घातलंस? ताप आलाय का?"

"ताप नाही काकी, धंदा आहे."

मग बायकांनी तो कोट आळीपाळीने घालून बघितला. जी घालायची ती ताठ उभी राहायची, का कोण जाणे. मीही घातला असता, पण सगळे बघत होते.

कोर्टाच्या पहिल्या दिवसाची गोष्ट तिनेच सांगितलेली. कुठल्याशा कोर्टात कुणी तिला बघून म्हणालं, साक्षीदारांनी मागे बसायचं. ती गुमान मागे जाऊन बसली. तिच्या अशिलाचं नाव पुकारलं तेव्हा उठून पुढे आली. मी चिडलो. तिथल्या तिथं सांगायचं नाही का, मी वकील आहे म्हणून?

"मागून बरं दिसत होतं, काका. कोण कसं बोलतो, साहेब कुणाचं ऐकतो, कुणाचं नुसतंच ऐकल्यासारखं करतो. तासभर फुकट शिकले."

मला हे जमलं नसतं. मला कुणी मागे बस म्हटलं तर मी उठून घरी येतो.

तो काळ वनजमिनीच्या दाव्यांचा. सरकारने कायदा केला होता, की जंगलातली जमीन जो कसतो त्याच्या नावावर करायची. आमच्यासारख्यांच्या पिढ्या त्या जमिनीवर गेल्या, पण कागद कधी नव्हता. ग्रामसभेची समिती फॉर्म भरून घ्यायला शाळेत बसली. पाड्यावर वयाने मोठा मी, म्हणून पहिलं मला विचारलं, "किती कसता?"

मी म्हटलं, "मधला माळ. वीस गुंठे."

सही केली. अंगठा नाही, सही. माझ्यामागे रांगेत जे उभे होते त्यांनी माझं ऐकून तसंच सांगितलं. ज्याची नाचणी जिथं उभी होती तेवढंच.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला मी मूर्ख वाटेन. डोंगरउतारावरची शेती भातखाचरासारखी नसते. एका माळावर पहिल्या वर्षी नाचणी करायची, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी. मग तो माळ सोडायचा आणि दुसऱ्यावर जायचं. सोडलेला माळ निजला असं आम्ही म्हणतो. पाच-सहा वर्षं निजला की त्याच्यात पुन्हा जीव येतो. आणि निजलेल्या जमिनीला माझी म्हणायचं नाही. म्हटलं तर कणसरी, आमची धान्याची देवी, तोंड फिरवते. मला बापाने सांगितलं, बापाला त्याच्या बापाने. आम्ही तीन माळ फिरवायचो, वरचा, मधला आणि ओहळाकडचा. त्या वर्षी जागा होता तो मधला. मग मी मधलाच सांगितला. खोटं काय बोललो?

आठ दिवसांनी हिरा आली. शाळेच्या ओट्यावर बसून ती फॉर्म वाचत होती. एक वाचला, दुसरा वाचला, मग सगळे पसरून मधेच थांबली.

"काका, वीस गुंठ्यांत तुमची सात माणसं वर्षभर खातात?"

"खातात. पोटं लहान आहेत आमची."

"मागच्या खेपेला नाचणी कुठं होती?"

"वरच्या माळावर."

"मग तो का नाही लिहिला?"

"तो माझा नाही. निजलाय."

"निजलाय म्हणजे?"

पोरगी सगळ्यांसमोर मला उलट विचारते, याचा मला राग आला. मी म्हटलं, "तुझ्या घरात कुणी कधी शेत केलंय? भट्टीवरच्या पोरीने मला शेती विचारू नये."

कमळीच्या आईने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझे पाय कुठं ठेवावे कळेना. हिरा मात्र फॉर्म गोळा करत म्हणाली, "नाही केलं काका. म्हणून तर विचारते. दाखवाल?"

कुणी वाद घातला तर मी दिवसभर उभा राहू शकतो. पण कुणी दाखवा म्हटलं की मी फसतो. मी पुढे, ती मागे, असे आम्ही निघालो. असेच दिवस होते. आजूबाजूच्या माळांवर खुरासणी कंबरेइतकी, तिच्या कोटाच्या बाह्या पिवळ्या झाल्या. वरच्या माळावर पोहोचलो. तिथं आता कारवी माजली होती, मधे मधे ऐनाची झाडं. ती म्हणाली, "काका, बाहेरचा माणूस याला जंगलच म्हणेल."

मग मी तिला ऐन दाखवला. राबासाठी आम्ही झाड पाडत नाही. फांद्या खांडून आणतो, वाळवतो, उन्हाळ्यात वाफ्यावर पसरून जाळतो, आणि त्या राखेत रोप पेरतो. झाड उभंच राहतं. जिथं कोयता लागला तिथं गाठ येते, नवी फांदी फुटते. काही वर्षांनी पुन्हा खांडली की गाठीवर गाठ. निजलेल्या माळावरचा ऐन बघितला की तो माळ किती वेळा जागा झाला होता ते सांगता येतं. गाठ कशी उतरते त्यावरून कुणाचा हात तेही कळतं. प्रत्येकाचा कोयता वेगळा चालतो.

हिराने खोडावर हात फिरवला. बोटांनी गाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिचा चेहरा तेव्हा जो झाला, तो मला पुढे कधी फोटोत दिसला नाही.

"काका, ही तर साक्षीदार आहेत तुमची."

"झाड कोर्टात कसं नेणार?"

"कोर्टाला इथं आणू."

मग आम्ही ओहळाकडच्या माळावर गेलो. तिथले ऐन जुने, जाडजूड. ती वाकून बुंध्यापाशी बघत राहिली आणि म्हणाली, "या खालच्या गाठी उलट्या का उतरतात? वरच्या सगळ्या उजवीकडे, या डावीकडे."

मी म्हटलं, "जुन्या आहेत. माझ्या बापाच्या."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

माझा बाप उजव्या हाताने खांडायचा. डावखुरा होता सोमा, हिराचा आजा. ओहळाकडचा माळ त्याचा. एका सालाला त्याने आगाऊ उचल घेतली आणि तो बायकापोरांसकट भट्टीवर गेला, तो दोन पावसाळे आलाच नाही. माळ निजला होता. निजलेला माळ कुणाचा नसतो, असं म्हणून माझ्या बापाने तिथं नाचणी पेरली. सोमा परतला, ओहळाच्या पलीकडे उभा राहून त्याने कणसं बघितली, आणि आल्या वाटेने परत गेला. मी तेव्हा गुरं राखायचो. मी पाहिलंय. त्यानंतर त्या घराला जमीन नव्हती, आणि त्याच घरच्या पोरीला मी ओट्यावर विचारलं होतं, तुझ्या घरात कुणी शेत केलंय का.

उतरताना ती म्हणाली, दावा दुरुस्त होऊ शकतो, पण तो मी करू शकत नाही. ग्रामसभेत तुम्हीच उठून सांगायचं की कमी लिहिलं गेलं. तुमचं बघून बाकीच्यांनी लिहिलंय, तुम्ही बोललात तर तेही बोलतील.

मी नाही म्हटलं. सही केलेला माणूस उठून चुकलो म्हणतो का? दिवस गेले. ज्यांनी माझं बघून लिहिलं ते येता-जाता माझ्या दाराकडे बघायचे. शेवटी एका सकाळी कमळीच्या आईने भाकरी थापता थापता विचारलं, "हिरा बोलली ते खरं का, त्या कागदावर नवराबायको दोघांची नावं लागतात?"

"कायद्यात आहे म्हणे."

"मग माझे दोन माळ तू कुणाला विचारून सोडून आलास?"

चाळीस वर्षं तिने त्या माळांवर खुरपलंय. ग्रामसभेत मी उठलो, म्हणालो, मी कमी लिहिलं, माळ तीन आहेत. मागून एक एक करून सगळे उठले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याने पाडा वाचवला. हिरा कोपऱ्यात उभी होती, ती माझ्याकडे बघून हसली. आणि मी तिसरा माळ बोलताना तिच्याकडे बघितलं नव्हतं.

मोजणीला साहेब आले. हिराने मला आधीच सांगून ठेवलं होतं, बोलायचं तुम्ही, मी फक्त उभी राहीन. बरोबरचा फॉरेस्ट गार्ड म्हणाला, हे तर जंगल आहे. मी साहेबाचा हात धरून ऐनाच्या गाठीवर ठेवला. साहेब बराच वेळ हात तसाच ठेवून उभा होता. काही वर्षांनी कागद आला. वरचा आणि मधला माळ मिळाला, दोघांच्या नावाने. ओहळाकडचा नामंजूर. झाडी दाट आहे म्हणे. मी हट्टाने अपील केलं. ते अपील अजून पडून आहे.

तोवर हिरा परीक्षा देऊन सरकारात गेली होती. आधी एका लांबच्या तालुक्यात, मग दुसऱ्या. मला नेहमी प्रश्न पडायचा, की टेबलाच्या या बाजूला उभी असताना जी बाई दाखवा म्हणायची, ती त्या बाजूला बसल्यावर काय म्हणत असेल? खुर्चीत बसलं की माणसाला सगळं माहीत होतं, असं मी बघितलंय.

यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. तिच्या बढतीचा फोटो, आणि पाठोपाठ निरोप, की जुनी अपिलं पुन्हा निघणार, सोमवारच्या ग्रामसभेत प्रत्येकाने आपलं म्हणणं सांगायचं. मी सविताला म्हटलं, मला हिराकडे ने. सगळ्यांना वाटलं म्हातारा वशिला लावायला निघाला. खरं सांगायचं तर एसटीत बसेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

तिच्या दालनाबाहेर बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं. आत एक बाई काहीतरी सांगत होती आणि हिरा ऐकत होती. बाई थांबली. हिरा म्हणाली, "मावशी, मला त्या गावची वाट माहीत नाही. पावसाळ्यात पाणी कुठून कुठं जातं, ते काढून दाखवता का?" आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

वशिला तिथंच बाकावर राहिला.

आत गेलो तर ती उठली, पाया पडायला लागली. मी हात धरला. टेबलावर काय होतं तेही बघितलं. फायली, चष्म्याचं घर, आणि त्या बाईने काढलेला ओहोळ. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "ओहळाकडच्या माळावरच्या खालच्या गाठी माझ्या बापाच्या नाहीत. तुझ्या आज्याच्या. सोमाच्या. मी तेव्हा खोटं बोललो."

ती बसली. मला वाटलं आता काळा कोट बोलेल. तिने विचारलं, "डावखुरे होते?"

"हो."

"बाबांनी कधी सांगितलं नाही." मग थांबून, "उंच होते का?"

"माझ्या बापापेक्षा वीतभर."

"काही म्हणायचे का, खांडताना?"

"शीळ घालायचा. लांबून कळायचं सोमा झाडावर आहे."

शिपाई दोनदा डोकावून गेला. ती विचारत राहिली. नाचणी कशी यायची, आजी बरोबर असायची का, माळावरून नदी दिसते का. मला जेवढं आठवलं तेवढं मी दिलं. माणसाकडे आपल्या आज्याचं एवढंही नसावं, आणि ते मी दाबून ठेवलेलं असावं, हे मला तिथं बसून नीट कळलं.

मग ती खुर्चीतली झाली. आवाज तोच, पण शब्द मोजून. "काका, यात मला बोट घालता येणार नाही. तुमच्यासाठी नाही, माझ्या भावासाठी पण नाही. रमेशला दावा करायचा तर त्याने करावा. टिकेल की नाही सांगता येत नाही, कायदा ताबा विचारतो. पण म्हाताऱ्या माणसाची जबानी लिहून घेतात. ती दावेदाराची चालत नाही, दुसऱ्याची लागते."

"मी आहे ना दुसरा."

"तुमचं अपील उभं आहे तोवर नाही."

घरी येऊन कमळीच्या आईला सांगितलं. अपिलावर तिचंही नाव आहे. वाटलं होतं भांडेल. ती म्हणाली, "सोमाची बायको ओहळावर पाणी भरायला यायची, ती कधी त्या माळाकडे तोंड करून बसली नाही. मला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं." आणि थोड्या वेळाने, "अपील मागे घ्यायला दोघं लागतील. मी येते."

काल नदी ओलांडून रमेशकडे गेलो. तो अजून दिवाळीनंतर भट्टीवरच जातो. कोयत्याला धार लावत होता. मी सगळं सांगितलं. त्याने धार लावणं थांबवलं नाही. एवढंच विचारलं, "आता कशाला आलास सांगायला?"

बहिणीसारखाच नेमकं विचारतो. मी म्हटलं, सोमवारी ये.

"सोमवारी मजुरी आहे माझी."

"बुडव."

येईल की नाही माहीत नाही. त्याने यावं म्हणून मी उभा राहणार नाही, तो नाही आला तरी उभा राहणार. पाड्यावर ज्यांनी तेव्हा म्हाताऱ्याने वाचवलं म्हटलं होतं, तेच समोर बसलेले असतील. त्यांना काय वाटेल ते वाटो. पहिलं वाक्य मी ठरवून ठेवलंय. माझ्या बापाचं नाव घ्यायचं, सोमाचं नाव घ्यायचं, आणि माळ कुणी कुणाचा घेतला ते सांगायचं. पुढे कुणी काही विचारलं तर तेही सांगेन. विचारत नाही तोवर खाली बसणार नाही.